धंतोलीतील एका प्रयोगशाळेची हिवताप तपासणी : चार भेटींनंतरचे मत

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर मी बावीस वर्षे प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून काम केले आणि निवृत्तीनंतर नागपुरात मानेवाडा भागात स्थायिक झालो. गेल्या ऑगस्टपासून मार्चपर्यंत माझ्या भाच्याच्या तापाच्या निमित्ताने नागपूरच्याच धंतोलीतील एका खासगी प्रयोगशाळेची हिवताप तपासणी सेवा चार वेळा घ्यावी लागली. त्या अनुभवावरून हे मत लिहीत आहे. प्रयोगशाळेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण येथे ज्या उणिवा नोंदवल्या आहेत त्या मला इतरत्रही दिसल्या आहेत आणि एकीलाच दोष देणे अन्यायाचे होईल.

वाहनतळ, स्वागतकक्ष आणि कर्मचाऱ्यांची वागणूक यांबद्दल तक्रार नाही. घरी येऊन रक्त घेणारा मुलगा सांगितलेल्या वेळेला आला, एकाच प्रयत्नात शीर सापडली, आणि नळीवर नाव लिहून झाल्यावर त्याने ते मोठ्याने वाचून दाखवले. ही शेवटची सवय मला विशेष आवडली. अहवालही प्रत्येक वेळी कबूल केलेल्या वेळेत भ्रमणध्वनीवर आला. ज्यांना एवढेच जाणून घ्यायचे आहे त्यांनी येथे वाचन थांबवले तरी चालेल. ज्यांच्या घरातील कोणी नोकरीनिमित्त गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात ये-जा करते आणि ज्याला वारंवार हिवताप होतो, त्यांच्यासाठी पुढचा मजकूर आहे.

भाचा मोबाईल मनोऱ्यांच्या देखभालीचे काम करतो. आठवड्यातील पाच दिवस कुरखेडा, धानोरा, कोरची हा पट्टा, आणि शनिवारी उमरेड-ब्रह्मपुरी-आरमोरी मार्गावरच्या बसने सुमारे १७० किलोमीटरचा प्रवास करून नागपुरात गणेशपेठला परत, असा त्याचा क्रम होता. पोळ्याच्या साधारण तीन आठवडे आधी त्याला तिकडेच थंडी वाजून ताप आला. गावातील आशाताईंनी बोट टोचून जलद निदान किटवर तपासणी केली, फाल्सिपेरम या हिवतापाच्या परजीवीच्या प्रजातीची रेषा उमटली, आणि त्याच दिवशी आर्टेसुनेट व सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामाइन यांचा तीन दिवसांचा उपचार सुरू झाला. दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनची एक मात्राही दिली गेली. हे सर्व नियमाप्रमाणे झाले होते. पाड्यावर राहणारी, तुटपुंज्या मोबदल्यावर काम करणारी एक बाई जे करते ते पाहिले, की शहरातल्या चकचकीत काउंटरकडून अपेक्षा आपोआप वाढतात.

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे पहिल्या तापानंतर सुमारे तीन आठवड्यांनी, तो नागपुरात असताना पुन्हा तापाने फणफणला. आम्ही धंतोलीला गेलो. स्वागतकक्षात जागतिक डास दिनाचा फलक अजून लावलेला होता. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचा परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्या दिवसाच्या निमित्ताने प्रयोगशाळेने तापाच्या तपासण्यांचे सवलतीचे पॅकेज जाहीर केले होते. त्या पॅकेजमध्ये कार्ड चाचणी, म्हणजे तीच जलद निदान किट, होती, रक्तपेशींची यांत्रिक मोजणी होती, पण काचपट्टीची, म्हणजे काचेवर रक्ताचा थर देऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची, तपासणी नव्हती. रॉस यांच्या नावाने सवलत द्यायची आणि नेमका सूक्ष्मदर्शक वगळायचा, हे पाहून मला हसावे की रागवावे ते कळेना.

दोन तासांत अहवाल आला : फाल्सिपेरम दूषित, म्हणजे कार्डावर फाल्सिपेरमची रेषा उमटली होती. कौटुंबिक डॉक्टरांनी तो पाहून साहजिकच पुन्हा तोच उपचार देण्याची तयारी केली. येथे मला हस्तक्षेप करावा लागला. फाल्सिपेरम ओळखणारी ही कार्डे बहुतांशी एचआरपी-२ नावाचे प्रथिन शोधतात. परजीवी मेल्यानंतरही हे प्रथिन रक्तात दोन-चार आठवडे, कधी त्याहून अधिक काळ टिकते. म्हणजे नुकताच उपचार घेतलेल्या माणसाचे कार्ड आजच्या आजाराबद्दल नव्हे, तर मागच्या आजाराबद्दल बोलत असण्याची शक्यता मोठी असते. व्हायव्हॅक्स या परजीवीच्या वेगळ्या प्रजातीसाठी वापरले जाणारे एलडीएच हे दुसरे प्रथिन परजीवी नष्ट झाल्यावर काही दिवसांतच नाहीसे होते, त्यामुळे त्या रेषेबाबत ही अडचण तेवढी येत नाही. कार्डाच्या खोक्यातील माहितीपत्रकातही अशी सूचना असते. प्रयोगशाळेने फक्त एक प्रश्न विचारायला हवा होता : गेल्या महिनाभरात हिवतापाचा उपचार घेतला आहे का? नमुना घेताना भरून घेतलेल्या अर्जात मधुमेह, गर्भारपण आणि उपाशीपोटी असणे यांची चौकशी होती. हिवतापाची नव्हती.

मी काचपट्टीची मागणी केली. त्यासाठी वेगळे पैसे पडतील असे सांगण्यात आले, ते भरले. जाड थरात परजीवी दिसला नाही, पातळ थरातही नाही. त्याच रक्तावर डेंग्यूची एनएस-१ चाचणी केली, ती दूषित आली. प्लेटलेट खाली आलेल्या होत्या, पण त्या हिवतापातही खाली येतात, त्यामुळे तेवढ्यावरून काही ठरत नाही. माझ्या दृष्टीने हा या सेवेचा सर्वांत गंभीर दोष ठरला. कार्ड सदोष नव्हते आणि तंत्रज्ञाची चूकही नव्हती. वारंवार हिवताप होणारा माणूस समोर बसला आहे, ही शक्यताच त्यांच्या कामाच्या पद्धतीत कोणी धरलेली नव्हती.

याच ठिकाणी एक चांगली गोष्टही नोंदवली पाहिजे. मी निवृत्त तंत्रज्ञ आहे हे कळल्यावर तेथील रोगनिदानतज्ज्ञ महिला डॉक्टरांनी मला आत बोलावले, काचपट्टी पाहू दिली आणि सूक्ष्मदर्शकाखाली एका वेळी दिसणारी किती क्षेत्रे तपासली हे स्वतःहून सांगितले. जाड थरात निदान शंभर क्षेत्रे पाहिल्याशिवाय ‘परजीवी आढळला नाही’ असे लिहू नये, हा नियम त्या पाळतात. रंजनही, म्हणजे परजीवी दिसावेत म्हणून काचपट्टीला दिलेला रंग, स्वच्छ होते. आमच्याकडे जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांच्या नावाने ओळखले जाणारे जेएसबी रंजन वापरत असत, कारण ते स्वस्त आणि झटपट होते. येथे जिम्सा वापरतात. घरून आणलेल्या रक्ताची पट्टी मात्र नळी प्रयोगशाळेत पोहोचल्यावर, म्हणजे दोन-तीन तासांनी तयार होते. एवढ्या वेळात नळीतील रक्तात परजीवींचे आकार बिघडू लागतात आणि प्रजाती ओळखताना घोटाळा होऊ शकतो. रक्त घेणाऱ्या मुलाला दोन काचपट्ट्या देऊन बोटाच्या थेंबाचा थर घरीच करायला शिकवले, तर हा प्रश्न सुटेल. खेड्यातला आरोग्य सेवक घरभेटीत ओसरीवर बसून वर्षानुवर्षे हेच करत आला आहे.

दुसरी भेट दिवाळीनंतर झाली. या वेळी काचपट्टीत व्हायव्हॅक्स सापडला आणि अहवाल खरोखरच उत्तम होता. प्रजाती, परजीवीच्या अवस्था आणि प्रति मायक्रोलिटर संख्या, तीनही दिलेले होते. ही संख्या कशी काढली तेही तळटीपेत होते : दोनशे पांढऱ्या पेशींमागे जितके परजीवी मोजले, त्याला चाळीसने गुणायचे, कारण एका मायक्रोलिटरमध्ये आठ हजार पांढऱ्या पेशी असतात असे धरले जाते. रुग्णाची प्रत्यक्ष पेशीसंख्या यंत्राने काढलेली असताना गृहीत आकडा का वापरावा, हा प्रश्न मी विचारला आणि पुढच्या वेळी त्यांनी प्रत्यक्ष संख्या वापरली. अशी सुधारणा सहसा कोणी करत नाही.

व्हायव्हॅक्सच्या समूळ उपचारासाठी क्लोरोक्विनसोबत चौदा दिवस प्रायमाक्विन घ्यावे लागते, आणि त्याआधी जी-६-पीडी या विकराची तपासणी करणे शहाणपणाचे असते, कारण ज्यांच्यात त्याची कमतरता आहे त्यांच्या लाल पेशी या औषधाने फुटू शकतात. मध्य भारतातील काही आदिवासी समाजांत ही कमतरता आढळते. प्रयोगशाळेने ही तपासणी केवळ ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशी न देता प्रत्यक्ष मूल्यासह दिली. भाच्याचे मूल्य सामान्य होते. येथपर्यंत पैकीच्या पैकी गुण.

तिसरी भेट फेब्रुवारीत. डिसेंबरमध्ये त्याची बदली बुटीबोरीला झाली होती आणि तेव्हापासून तो जंगलपट्ट्यात गेलेलाच नव्हता, तरी पुन्हा ताप, पुन्हा थंडी, आणि काचपट्टीत पुन्हा व्हायव्हॅक्स. अहवालात अक्षरशः एवढेच : व्हायव्हॅक्स दूषित, संख्या अमुक. नोव्हेंबरचा अहवाल याच प्रयोगशाळेच्या संगणकात, याच भ्रमणध्वनी क्रमांकाखाली होता, तरी नव्या कागदावर त्याचा उल्लेख नव्हता. वाचणाऱ्या डॉक्टरांना हा पहिलाच हिवताप वाटला असता. मी भाच्याला विचारले, चौदा दिवसांच्या गोळ्या पूर्ण केल्या होत्यास का? उत्तर मिळाले, “मामा, पाचव्या दिवसापासून एकदम चांगलं वाटून राहिलं होतं, म्हणून सोडल्या.”

व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात सुप्त राहतात आणि आठवड्यांनी किंवा महिन्यांनी रक्तात उतरतात. क्लोरोक्विन रक्तातले परजीवी मारते, यकृतातल्या या सुप्त अवस्थेला हात लावत नाही. ते काम प्रायमाक्विनचे आहे, आणि पाच दिवसांत ते पूर्ण होत नाही. बुटीबोरीत हिवाळ्यात नव्याने डास चावून संसर्ग झाला असण्याची शक्यता शून्य नाही, पण जुना संसर्ग उलटला असण्याची शक्यता कितीतरी अधिक आहे. आणखी मागे जायचे तर नोव्हेंबरचा व्हायव्हॅक्सदेखील ऑगस्टमधील फाल्सिपेरमच्या सोबतच शरीरात शिरलेला असू शकतो. थायलंड-म्यानमार सीमेवर फाल्सिपेरमचा उपचार झालेल्या अनेक रुग्णांना पुढच्या काही आठवड्यांत, नव्या डासाशिवायही, व्हायव्हॅक्सचा ताप येतो, हे तेथील संशोधकांनी बऱ्याच वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे.

वाचकाला वाटेल की प्रयोगशाळेच्या परीक्षणात हे सर्व कशाला. कारण असे, की ‘पुन्हा हिवताप’ या दोन शब्दांत तीन वेगळे प्रसंग दडलेले असतात : औषधाने पुरते न मेलेले रक्तातले परजीवी पुन्हा वाढणे, यकृतातला सुप्त परजीवी जागा होणे, आणि नव्या डासाकडून नवा संसर्ग होणे. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यात औषध बदलावे लागते, दुसऱ्यात समूळ उपचार पूर्ण करावा लागतो, तिसऱ्यात औषधभारित मच्छरदाणी, फवारणी आणि डासांच्या सवयी पाहाव्या लागतात. काचपट्टीखाली मात्र तिन्ही सारखेच दिसतात. फरक सांगू शकतो तो मागचा कागद.

जेथे हिवताप घरोघर आहे अशा वस्त्यांचा अभ्यास करणाऱ्यांनाही नेमकी हीच अडचण येते. म्हणून ते एकदा रक्त तपासून थांबत नाहीत. ठरावीक माणसांची यादी करून त्यांच्याकडे महिनोन्महिने, ताप असो वा नसो, परत परत जातात. औषधाची परिणामकारकता तपासताना रुग्णाचा २८ किंवा ४२ दिवस पाठपुरावा करतात आणि परजीवी पुन्हा दिसला तर पहिल्या व नंतरच्या रक्तातील परजीवींची जनुके ताडून पाहतात. फाल्सिपेरमच्या बाबतीत एमएसपी-१ आणि एमएसपी-२ या जनुकांचे नमुने जुळले तर जुनाच संसर्ग, न जुळले तर नवा, असा ढोबळ निवाडा होतो. व्हायव्हॅक्समध्ये तोही भरवशाचा नाही, कारण यकृतातून उठणारा परजीवी मागच्या तापातल्या परजीवीपेक्षा वेगळ्या वाणाचा असू शकतो. पापुआ न्यू गिनीत पाच ते दहा वर्षांच्या मुलांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत काही मुलांना यकृतातला परजीवी मारणारे औषध दिले, काहींना दिले नाही, आणि दोन गटांतील फरकावरून असे दिसले की तेथील व्हायव्हॅक्सच्या पाचपैकी सुमारे चार संसर्ग यकृतातून उठलेले होते. डासाच्या नव्या चाव्याचा वाटा उरलेल्या एकाचा. हे वाचल्यानंतर मी माझ्या जुन्या रजिस्टरांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

आमच्या रजिस्टरात रक्तनमुना क्रमांक, नाव, वय, गाव आणि निकाल असे रकाने असत. एकाच पाड्यावरचा एकच मुलगा एप्रिल, जुलै, सप्टेंबर आणि नोव्हेंबर असा चार वेळा दूषित आला, तर चार ओळी भरत आणि वार्षिक अहवालात चार रुग्ण मोजले जात. वार्षिक परजीवी प्रमाण, म्हणजे दर हजार लोकसंख्येमागे वर्षभरातील दूषित नमुने, हा आकडा ओळी मोजतो, माणसे मोजत नाही. चार मुलांना एकेकदा आणि एका मुलाला चारदा, हे त्या आकड्याच्या लेखी एकच. त्यातून नाव एकदा मंगरू, एकदा मंगरु, एकदा वडिलांच्या नावाने, असे लिहिलेले असले तर नंतर शोधूनही जोड लागत नसे. मी स्वतः अशा शेकडो ओळी लिहिल्या आहेत, त्यामुळे धंतोलीच्या संगणकाला नावे ठेवताना माझा आवाज जरा खालीच असतो. पण आमच्याकडे हाताने लिहिलेली रजिस्टरे आणि पावसाळ्यात जाणारी वीज होती. येथे एका कळीवर मागचा अहवाल उघडतो.

शिवाय ज्यांना ताप येत नाही, पण रक्तात परजीवी असतो, असे लोक तर अशा प्रयोगशाळेच्या दारात कधी येतच नाहीत. वारंवार संसर्ग झालेल्या माणसात हळूहळू अशी प्रतिकारशक्ती तयार होते की आजार गंभीर होत नाही, मग तापही येईनासा होतो, पण परजीवी थोड्या संख्येने राहतात आणि डासांना पुरवठा करत राहतात. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडमध्ये २०२० साली सुरू झालेल्या मलेरियामुक्त बस्तर अभियानात घरोघर जाऊन सर्वांचेच रक्त तपासले गेले, तेव्हा दूषित आढळलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना काहीच त्रास नव्हता. साधारण शंभर-दोनशे परजीवी प्रति मायक्रोलिटरच्या खाली कार्ड चुकू लागते, चांगला सूक्ष्मदर्शकवाचक त्याखालीही थोडे पाहू शकतो, आणि त्याहून कमी संख्येसाठी पीसीआर ही परजीवीची जनुके शोधणारी तपासणी लागते. या प्रयोगशाळेत पीसीआर उपलब्ध आहे, पण नमुना बाहेरच्या शहरात जातो आणि निकालास काही दिवस लागतात. तापाच्या रुग्णाला त्याचा उपयोग नाही, हे काउंटरवरील मुलीने प्रामाणिकपणे सांगितले आणि तपासणी गळ्यात मारली नाही. याबद्दल तिचे कौतुक.

दराबद्दल थोडक्यात. कार्ड आणि काचपट्टी मिळून होणारा खर्च धंतोली-रामदासपेठ भागाच्या मानाने वाजवी आहे. मेडिकल व मेयो या नागपुरातील सरकारी रुग्णालयांत किंवा महापालिकेच्या आरोग्य केंद्रात ही तपासणी व उपचार मोफत मिळतात आणि हिवतापाच्या काचपट्ट्या वाचण्याचा तेथील लोकांचा हातखंडा मोठा आहे, हेही सांगितले पाहिजे. खासगीत आपण वेळेचे पैसे देतो. ज्याला ते परवडतात त्याने द्यावेत, पण ‘फिव्हर पॅकेज’ घेताना त्यात काचपट्टी आहे का, हे विचारून घ्यावे आणि नसेल तर मागून घ्यावी.

फेब्रुवारीनंतर मी प्रयोगशाळेला एक लेखी सूचना दिली. त्यात तीन मागण्या होत्या : नमुना घेताना महिनाभरातील हिवताप उपचार आणि सहा महिन्यांतील प्रवास विचारावा, त्याच रुग्णाचा मागील निकाल नव्या अहवालात छापावा, आणि व्हायव्हॅक्सच्या अहवालाखाली चौदा दिवसांच्या उपचाराची आठवण देणारी एक ओळ घालावी. पोच मिळाली. उत्तर आले नाही.

चौथी भेट मार्चमध्ये, उपचारानंतर अठ्ठाविसाव्या दिवशी, पाठपुराव्याच्या काचपट्टीसाठी झाली. या वेळी भाच्याने चौदाही गोळ्या माझ्यासमोर बसून घेतल्या होत्या. अहवालात परजीवी आढळला नाही. छापील मजकूर पूर्वीसारखाच होता, पण खालच्या मोकळ्या जागेत कोणीतरी निळ्या पेनाने लिहिले होते : मागील – व्हायव्हॅक्स, नोव्हेंबर व फेब्रुवारी. अक्षर त्या रोगनिदानतज्ज्ञांचेच असावे. मी तीन तारे देणार होतो, ते साडेतीन केले. ऑगस्टमधील फाल्सिपेरम त्या ओळीत नाही, कारण त्याची नोंद धानोऱ्यात आशाताईंच्या वहीत आहे आणि धंतोलीत ती कोणी विचारलेली नाही.